परदेशातील शेती आणि कोरडवाहू विदर्भ

लग्नसराई आली की नागपूरच्या गांधीबागेतील कापड बाजारात काटोल, उमरेड, भिवापूर, हिंगणघाटकडची कुटुंबे बस्ता बांधण्यासाठी येतात. दुकानदार ठाणामागून ठाण उलगडत जातो. कापड सुरतेचे, भिवंडीचे, इचलकरंजीचे, भिलवाड्याचे. ज्या विदर्भातून रुईच्या गाठी बाहेर जातात, तेथील कास्तकार परक्या गावांत विणलेले कापड विकत घेतो आणि त्यासाठी पुष्कळदा कर्जही काढतो. या कास्तकाराला शासकीय खर्चाच्या मदतीने परदेशी अभ्यासदौऱ्यावर पाठवायचे झाले, तर त्याने तेथे नेमके काय पाहावे?

प्रश्न काल्पनिक नाही. राज्याचा कृषी विभाग २००४-०५ पासून शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे आयोजित करीत आहे. निम्मा खर्च, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत, शासन उचलते. उरलेला शेतकऱ्याने भरायचा. इस्रायल, नेदरलँड्स, जर्मनी ही त्यातील नेहमीची नावे. अशा दौऱ्यांना सरसकट ‘सहली’ म्हणून हिणवण्याची एक फॅशन आहे. ती आम्हाला मान्य नाही. शेतकऱ्याने विमानात बसले की अनेकांच्या पोटात दुखते, मात्र अधिकाऱ्यांच्या आणि उद्योजकांच्या दौऱ्यांवर हीच मंडळी मौन पाळतात.

पाहून येण्याने काय घडू शकते, याचा दाखला गांधीबागेच्या शेजारीच आहे. जमशेटजी टाटांनी लँकेशायरच्या गिरण्या डोळसपणे पाहिल्या आणि परतल्यावर गिरणी मुंबईत न काढता कापसाच्या प्रदेशात, नागपुरात काढली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्यांनी रिंग पद्धतीच्या चात्या येथे बसविल्या, तेव्हा खुद्द लँकेशायर जुन्या म्यूल यंत्रांना कवटाळून बसले होते. पाहिले ते जसेच्या तसे न उचलता, आपल्या भूमीला काय मानवेल याचा विवेक त्यांनी केला. पंडित दीनदयाळजींनी हाच निकष सांगितला होता : आपले असेल ते युगानुकूल करावे, बाहेरचे असेल ते देशानुकूल. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, ही गोष्ट वेगळी.

या निकषावर आजचे दौरे तपासले पाहिजेत. इस्रायलविषयी आपल्या मनात सार्थ आदर आहे. वाळवंटात थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या राष्ट्राने १९६५ पासून ठिबक सिंचनाचा व्यापारी प्रसार केला आणि आपल्या द्राक्ष, डाळिंब, संत्रा बागायतदारांना त्याचा मोठा लाभ झाला. परंतु ठिबकसाठी आधी विहिरीला पाणी हवे आणि मोटारीला वीज. विदर्भाचा बहुतांश कापूस पावसावर येतो. काचेच्या घरात टोमॅटो पिकवणारा डच शेतकरी आणि चार एकरांत पऱ्हाटी लावणारा आर्वीचा शेतकरी यांच्यात शिकण्या-शिकविण्याचा दुवा कोणता?

तो दुवा ब्राझीलमध्ये सापडू शकतो. तेथील बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. मातो ग्रोसो प्रांतात तर सोयाबीन काढून त्याच हंगामात कापूस पेरतात. तरीही हेक्टरी रुई सुमारे १८०० किलो. आपली राष्ट्रीय सरासरी ४५० किलोच्या आसपास घुटमळते. म्हणजे सारा दोष पावसाच्या माथी मारता येणार नाही. तेथे सरळ वाण आहेत, झाडे आटोपशीर आणि दाट आहेत, बोंडे जवळजवळ एकाच वेळी फुटतात. आपण संकरित बियाणे दरवर्षी विकत घेतो, अंतर मोठे ठेवतो आणि महिनोन्‌महिने वेचणी करीत राहतो. अर्थात हजारो हेक्टरांचे मळे, प्रचंड यंत्रे, खतांचा आणि फवारणीचा मारा हे त्या शेतीचे दुसरे अंग आहे. ते आपल्याला परवडणारही नाही आणि घ्यावेसेही नाही. घ्यायची ती दाट लागवडीची आणि लवकर येणाऱ्या वाणांची दृष्टी. नागपुरातच १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि सघन लागवडीचे तिचे प्रयोगही आहेत. ते प्रयोग शिवारात पाहिल्याशिवाय कोणाला परदेशी पाठवूच नये, असे आमचे मत आहे.

दुसरा धडा अमेरिकेतील ॲरिझोनाचा. गुलाबी बोंडअळीने तेथील कापूस दीर्घकाळ पोखरला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ठरविले की पऱ्हाट्या ठरलेल्या मुदतीत साऱ्यांनी मोडायच्या, फरदड कोणीही ठेवायची नाही. जोडीला बीटी वाण, कामगंध सापळे आणि वंध्य पतंग सोडण्याची योजना होती. २०१८ साली अमेरिकेने आपला कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याच्या एकच वर्ष आधी, २०१७ मध्ये, आपल्याकडे या अळीने विदर्भाचे पीक फस्त केले आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे गावागावांनी शिस्त कशी पाळली, हे पाहण्यासाठी कोणी गेले काय? यंत्राचे छायाचित्र काढता येते, संघटनेचे काढता येत नाही. कदाचित म्हणूनच ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नसते.

आता निवडीविषयी. निम्मा खर्च पदरचा म्हटला की कोरडवाहू शेतकरी आपोआप गळतो. त्याच्याजवळ सातबारा असतो, पासपोर्ट नसतो. मग मोठा बागायतदार, बाजार समितीचा संचालक, तालुक्याचा पुढारी अशी नावे यादीत दिसू लागतात. ग्रामीण नेतृत्वाने जग पाहावे, यात गैर काही नाही. पण ज्याच्या हाती डवरा आहे तो घरी आणि ज्याच्या हाती माईक आहे तो विमानात, हे चित्र बदलले पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याचा संपूर्ण खर्च शासनाने उचलावा. पैसा कमी पडत असेल तर माणसे कमी पाठवावीत. आणि महिलांना विसरू नये. कापसाची वेचणी त्याच करतात. झाडाची उंची, बोंडाचे फुटणे त्यांच्याइतके कोणाला कळते?

ज्यांना जाता येणार नाही, त्यांच्यापर्यंत जग आणण्याचा मार्गही विदर्भाच्या सुपुत्राने दाखवून ठेवला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले, ते त्यासाठीच. आता नागपुरात २००९ पासून ॲग्रोव्हिजन भरते. दौऱ्यावरून परतलेल्या प्रत्येकाला तेथे एक दालन द्यावे. काय पाहिले, काय आपल्या शिवारात लावले, काय फसले, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे. मृगापूर्वी गावच्या ग्रामसभेत त्याचा वृत्तान्त व्हावा आणि त्याच्या शेतातील एक एकर त्या प्रयोगासाठी राखून ठेवावे. ही अट अर्जाच्या पहिल्याच पानावर छापली, तर अर्जांची संख्या घटेल. पण जे उरतील त्यांच्या बांधावर गावकरी आपण होऊन जातील.