मागच्या सीटवरचं प्रेम

नववीच्या वर्गाला मी ‘जुने ते सोने’ हा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिलं, ‘पद्मिनी टॅक्सीसारखी गाडी पुन्हा होणे नाही.’ मुलगा पद्मिनीत कधी बसलेला नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा मोबाइलवर आलेले फोटो त्याने पाहिले असणार. ते फोटो पाहून मीही हळवा झालो होतो. माझे अब्बा बावीस वर्षं तीच गाडी चालवत होते.

देखणी होती, यात वाद नाही. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून फिएट ११०० डिलाइट म्हणून निघाली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. पुढे सलग बाकासारखी सीट, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, खिडकीला वारा घेणारी तिकोनी काच. ईदला आम्ही सहा भावंडं तिच्यात मावायचो.

पण हे सगळं मागे बसणाऱ्याचं कौतुक. अब्बांच्या खांद्याला विचारा. पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मे महिन्यात इंजिनाची धग थेट पायांवर. पावसात ब्रेक ओले झाले की पाय दाबून धरायचा आणि अल्लाचं नाव घ्यायचं. रात्री घरी आले की अम्मी त्यांच्या उजव्या खांद्याला तेल चोळायची. एअरबॅग हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता.

आज माझा धाकटा भाऊ वॅगन आर चालवतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. वॅगन आरचं ९९८ सीसीचं छोटं इंजिन पेट्रोलवर साठहून जास्त देतं. स्टिअरिंग एका हाताने वळतं, पुढे डिस्क ब्रेक, एसी, एअरबॅग. दिसायला डब्यासारखी आहे, कबूल. पण भाऊ रात्री घरी येतो तेव्हा मुलांशी बोलण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली असते. माझ्या मते गाडीची खरी परीक्षा हीच.

एका बाबतीत मात्र मी अब्बांच्या गाडीच्या बाजूने आहे. ती बंद पडली तर अब्बा बॉनेट उघडायचे, प्लग काढून पुसायचे, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवायचे, आणि गाडी सुरू. फारच अडलं तर नाक्यावरचा मिस्त्री होताच. नव्या कुठल्याही गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागला की मालक आणि नाक्यावरचा मिस्त्री दोघेही हात बांधून उभे. स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं कळत नाही, आणि तो स्कॅनर न परवडणारे किती मिस्त्री आज पंक्चर काढून पोट भरतात! गाडी सुधारली ती चांगलीच गोष्ट झाली. तिच्याबरोबर त्या मिस्त्रीलाही शिकवायला हवं होतं, ते आपण विसरलो. जुन्या गाडीसाठी डोळे पुसण्यापेक्षा आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराला आयटीआयमध्ये घातलं तर जास्त सवाब मिळेल.

त्या निबंधाला मी दहापैकी सात गुण दिले. खाली लाल शाईने लिहिलं : ‘भाषा छान. पण जो ती गाडी चालवत होता, त्याला विचारलंस का?’