परप्रांतीय कोण? जमीन, समुद्र आणि आपली ख्रिस्ती जबाबदारी

मालवणच्या बंदरापासून दोडामार्गच्या बाजारपेठेपर्यंत एक शब्द गेली काही वर्षे वारंवार कानी पडतो : परप्रांतीय. समुद्रात मासळी कमी झाली की परप्रांतीय ट्रॉलरवाले आठवतात, डोंगरावरचे रान नाहीसे झाले की केरळहून आलेले रबरवाले आठवतात आणि किनाऱ्यालगतची माडबाग विकली गेली की बाहेरून आलेले हॉटेलवाले. या तक्रारींत तथ्य नाही असे कोणीही म्हणू शकणार नाही. तथापि तक्रार जेव्हा कृत्याविरुद्ध न राहता माणसाच्या जन्मगावाविरुद्ध होऊ लागते, तेव्हा ख्रिस्तसभेने क्षणभर थांबून विचार करणे अगत्याचे ठरते.

आपल्या धर्मप्रांतापुढे तर एक विशेष अडचण आहे. सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांत स्थायिक झालेल्या केरळीय बागायतदारांपैकी बरेच जण आपल्यासारखेच ख्रिस्ती आहेत. त्यामुळे दोन मोह संभवतात. धर्मबंधू म्हणून त्यांच्या चुकांवर पांघरूण घालणे हा पहिला, आणि गावाचा रोष आपल्यावर येऊ नये म्हणून त्यांना ओळख न देणे हा दुसरा. आमच्या मते हे दोन्ही मार्ग शुभवर्तमानाचे नव्हेत.

समुद्रावरचा संघर्ष

प्रथम मालवणच्या किनाऱ्याचा विचार करू. रापण ओढणारे, लहान होडीतून जाळी टाकणारे आपले मच्छीमार बंधू पिढ्यान्पिढ्या किनाऱ्यालगतच्या पाण्यावर जगत आले. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने त्यांना काही संरक्षण दिले. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. या पाण्यात कर्नाटकातील मलपे बंदराचे वेगवान ट्रॉलर शिरतात आणि एका रात्रीत मासळी लुटून नेतात, ही मालवण, वेंगुर्ले व देवगडच्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची व्यथा आहे. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा शासन आदेश ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघाला. एलईडी दिव्यांच्या प्रखर झोतात केल्या जाणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पुढे २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या. तरीही समुद्रावरची लुटालूट थांबलेली नाही.

मात्र सत्य सांगायचे तर संपूर्ण सांगावे लागते. पर्ससीनची जाळी व एलईडीचे दिवे केवळ मलपेच्या नौकांवर नाहीत. आपल्याच कोकणच्या बंदरांतील धनिक मालकांनीही त्यांत भांडवल गुंतविले आहे. उलट, ज्या परप्रांतीय खलाशाला आपण शिव्या देतो तो बहुधा घरदार सोडून रोजंदारीवर राबणारा गरीब माणूस असतो. आपल्या जिल्ह्याच्या नौकांवर नेपाळी खलाशी आणि देवगडच्या हापूस बागांत राखणीला नेपाळी गडी असतात, आणि त्यांच्याविना आपला हंगाम निभत नाही, हेही आपण जाणतो. म्हणजे समुद्रावरचा झगडा लहान जाळे आणि मोठे जाळे यांच्यातला आहे. त्यास प्रांताचे नाव दिल्याने मोठ्या जाळ्याचा स्थानिक मालक तेवढा नामानिराळा राहतो.

डोंगरउतारावरची रबराची झाडे

आता घाटाच्या पायथ्याशी येऊ. साधारणतः गेल्या दोन-तीन दशकांत केरळीय शेतकऱ्यांनी दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांत जमिनी घेऊन रबर, अननस आणि केळी यांची लागवड केली. रबराचे झाड चीक देण्याजोगे होण्यास सुमारे सात वर्षे लागतात. तोवर मधल्या जागेत अननस घेतला जातो. हे लोक कष्टाळू आहेत, यात शंका नाही. आपण ज्या कातळाला व वरकस जमिनीला कवडीमोल म्हणत होतो, तिच्यातून त्यांनी पीक काढून दाखविले.

परंतु या लागवडीसाठी डोंगरउतारावरचे मिश्र जंगल सपाट झाले, हेही तितकेच खरे. हा पट्टा सामान्य रान नव्हे. राधानगरी अभयारण्याला गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड यांच्याशी जोडणारा हा वन्यजीवांचा मार्ग आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाच्या नाजूकपणाकडे लक्ष वेधले होते. पर्यावरणवादी संस्थांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीस मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये तेथील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करण्याबाबत निर्देश दिले. दरम्यान २०२० मध्ये तिलारी परिसरास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती माड, पोफळी व केळी उद्ध्वस्त करीत फिरतात. त्यांनाही कोणी विनोदाने परप्रांतीय म्हणते. परंतु रान आक्रसले की जनावर बागेत येते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

जंगल गेले की झरे आटतात, गुरांची वाट बंद होते, पाणवठ्याला कुंपण पडते. ज्या शेतकऱ्याने जमीन विकली नाही त्यालाच त्याची झळ अधिक बसते. म्हणून या प्रश्नावर गावकऱ्यांचा राग अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

विकणारे हात कोणाचे?

तरीही एक प्रश्न स्वतःस विचारणे भाग आहे. ही जमीन कोणी विकली? २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. अवघा देश वाढत असता आपला जिल्हा घटला. केरळात एका चौरस किलोमीटरवर सुमारे ८६० माणसे राहतात, तर आपल्याकडे १६० च्या आसपास. जेथे माणसे दाटीने राहतात व जमीन महाग आहे, तेथून लोक मोकळ्या व स्वस्त जमिनीकडे जाणारच. आपली मुले मुंबईस गेली, घरे कुलूपबंद झाली, शेते पडीक राहिली. मग मुंबईत बसून एका भावाने सामाईक सातबाऱ्यावरचा आपला हिस्सा दलालामार्फत विकला आणि गावात राहणाऱ्या भावाला बांधावर नवा शेजारी दिसला, तेव्हाच व्यवहार कळला. असे प्रसंग आपल्या कुटुंबांनाही अपरिचित नाहीत. घर रिकामे करणारे आपण, आणि आत कोण आला म्हणून विचारणारेही आपणच.

पुढेही हा ओघ थांबण्याचे चिन्ह नाही. २०२१ मध्ये चिपीचा आणि २०२३ च्या आरंभी सीमेपलीकडे मोपाचा विमानतळ सुरू झाला. जमिनीचा भाव वाढला की खरेदीदार येणार आणि खरेदीदार आला की दलाल दारात उभा राहणार.

आपणही कोणाचे तरी परप्रांतीय

या चर्चेत आपण कॅथलिकांनी आपली स्वतःची कुळकथा विसरता कामा नये. आपल्या धर्मग्रामांतील फर्नांडिस, डिसोजा, लोबो, रॉड्रिग्ज ही घराणी कोठून आली? बार्देश व आसपासच्या गोमंतकीय प्रदेशांतून आपले पूर्वज पोर्तुगीज अमलाच्या काळात या बाजूस आले. कोणी १५६० साली सुरू झालेल्या धर्मसमीक्षण न्यायसभेच्या भयाने, कोणी करांच्या ओझ्याने, कोणी युद्धे व रोगराई यांमुळे. ते ख्रिस्ती होते आणि सावंतवाडीचे सावंत-भोसले हिंदू राजे होते. तरीही येथे त्यांना आश्रय मिळाला, जमीन मिळाली, शेजार मिळाला. आज आपण मालवणी बोलतो, शेजाऱ्यांच्या चतुर्थीला जातो आणि ते आपल्या फेस्ताला येतात. हे एका दिवसात घडले नाही. कोणीतरी आधी दार उघडले होते.

आपली दुसरी आठवण इतकी सुखद नाही. मुंबईत १९६६ नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध जे आंदोलन पेटले, त्यात गिरणगावातील कोकणी तरुण मोठ्या संख्येने होते. उडुपी हॉटेले आणि मद्रासी कारकून हे तेव्हाचे लक्ष्य होते. त्यातून आपल्या मुलांना न्याय किती मिळाला याचा विचार ज्येष्ठांनी शांतपणे करावा.

आणि तिसरी आठवण अगदी अलीकडची. २०१८ च्या आरंभी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा सर्वाधिक झळ सिंधुदुर्गालाच लागली. दोडामार्गात त्याविरुद्ध मोठे जनआंदोलन उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्याने बाहेरून येणाऱ्या मासळीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या मच्छीमारांच्या गाड्या अडल्या. आजही बांदा, सावंतवाडी व दोडामार्गचे असंख्य तरुण रोज सीमा ओलांडून गोव्यात नोकरीस जातात. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे आपण परप्रांतीय असतो. तेथे आपल्याला जी वागणूक हवीशी वाटते, ती येथे इतरांना देण्याचे बंधन प्रभू येशूच्या सुवर्ण नियमाने आपल्यावर घातले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

पवित्र शास्त्र या विषयावर संदिग्ध नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्याला देशातील माणसासारखे मानण्याची आज्ञा आहे, कारण इस्राएल लोकही मिसर देशात परके होते. त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो, की जमीन त्याची आहे आणि माणसे केवळ त्याच्याकडे वस्तीस आलेली आहेत. कोकणी माणसाला हे लवकर समजावे, कारण मालक आणि कूळ यांतील फरक आपण पिढ्यान्पिढ्या अनुभवला आहे. देवाच्या सातबाऱ्यावर आपण सारे कुळेच आहोत. कोणी आधी वहिवाटीला लागले, कोणी नंतर.

पण तेच शास्त्र नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथाही सांगते. वाडवडिलांची जमीन विकण्यास नकार देणाऱ्या त्या सामान्य माणसाच्या बाजूने देव उभा राहिला आणि राजाला जाब विचारला गेला. म्हणजे परक्याचे स्वागत आणि स्थानिकाचा हक्क या दोहोंना शास्त्रात आधार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास शिकविले आणि २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती'मध्ये स्थलांतरितांबाबत स्वागत, संरक्षण, उन्नती व समावेश ही चार पावले सांगितली. समावेशाचे पाऊल एकट्या यजमानाने टाकायचे नसते. आलेल्यानेही अर्धी वाट चालावी लागते.

आपण काय करू शकतो?

केरळीय बंधूंना आम्ही प्रेमाने सांगू इच्छितो, की स्थलांतराचे दुःख त्यांना नवे नाही. त्रावणकोरातून मलबारच्या जंगलात गेलेल्या त्यांच्या आजोबांनी हिवताप सोसला, उपासमार सोसली. १९५३ साली तेल्लिचेरी धर्मप्रांत त्याच स्थलांतरितांसाठी उभा राहिला. पण डोंगर उघडा केल्याचे परिणाम काय होऊ शकतात, याची चर्चाही केरळइतकी कोणत्या राज्यात झाली असेल? ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमधील दरड दुर्घटनेत दोनशेहून अधिक जीव गेले, तेव्हा अतिवृष्टीबरोबरच डोंगरउतारांच्या वापराचाही प्रश्न पुढे आला. तो अनुभव येथे उपयोगी पडावा. न्यायालयाचा आदेश पाळावा, झऱ्याकाठची झाडे राखावीत, जुनी वाट व पाणवठा गावाला मोकळा ठेवावा, गावातील माणसांना काम द्यावे आणि दूरच्या राज्यांतून आणलेल्या मजुरांना योग्य वेतन द्यावे.

आपल्या श्रद्धावंतांना आमचे सांगणे असे, की जमीन विकण्यापूर्वी भावकीत बसून बोलावे. विक्रीऐवजी ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचा विचार करावा. जंगलतोडीची वा बेकायदा मासेमारीची तक्रार अवश्य करावी, पण तक्रारीत माणसाचे कृत्य लिहावे, प्रांत लिहू नये. वृक्षतोड करणारा गावचा असो वा केरळचा, पर्ससीन मालवणचे असो वा मलपेचे, कायद्याचे माप एकच असावे.

धर्मग्रामांचे कामही मोठे आहे. सिरो-मलबार विधीच्या श्रद्धावंतांसाठी १९८८ पासून कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली अस्तित्वात आला. विधी वेगळा असला तरी प्रभुभोजन एकच आहे. सणाच्या दिवशी एकत्र मिस्साबलिदान व्हावे, नवागतांच्या मुलांनी मराठी शिकावी, आपल्या मंडळांत त्यांना जागा मिळावी. ज्या माणसाशी आपण बोलतो त्याला झऱ्याची अडचण सांगता येते. ज्याच्याशी बोलतच नाही, त्याच्याविषयी केवळ मोर्चा काढता येतो. या संवादात हिंदू व मुस्लिम शेजाऱ्यांनाही सामील करून घ्यावे, नाहीतर ख्रिस्ती लोक ख्रिस्ती लोकांची बाजू घेतात, असा गैरसमज पसरेल आणि शतकांचा शेजार एका पिढीत गमावला जाईल.

न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला विचारील तो प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात लिहून ठेवलेला आहे. तो परका होता, तेव्हा आपण काय केले? त्याचबरोबर त्याने आपल्या हाती सोपविलेल्या डोंगराचे आणि दर्याचे काय केले, हेही तो विचारील. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्रच द्यावी लागतील. त्यासाठी लागणारी सद्बुद्धी आणि धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो.