नदीला काठ असू द्या

मे महिना उजाडला की शहरांतल्या नद्यांमध्ये पोकलेन उतरते. पावसाळ्यापूर्वीची साफसफाई असे त्या कामाचे नाव. जलपर्णी निघते, गाळ निघतो आणि त्यांच्याबरोबर काठावरचे गवत, झुडपे, वाळुंजाची कोवळी रोपे, मातीची उभी दरड असे सगळेच निघते. आठवडाभरात काठ तासून गुळगुळीत होतो. पुलावरून जाणारे म्हणतात, ‘चला, नदी साफ झाली.’ पाण्याचा वास मात्र होता तसाच असतो, कारण नदीत येणाऱ्या मैलापाण्याला कोणी हातच लावलेला नसतो.

नदी म्हणजे वाहणारे पाणी आणि काठ म्हणजे त्याच्या बाजूची मोकळी जागा, असे आपण धरून चालतो. मोकळी जागा दिसली की तिचे काहीतरी ‘करावेसे’ वाटते. कुठे रस्ता, कुठे वाहनतळ, कुठे हिरवळ आणि पायऱ्या. परिसरशास्त्राला ही विभागणी मान्य नाही. पाणी जिथवर पसरते, मुरते आणि ओल धरते, तिथवर नदीच असते. काठ हा तिचा काम करणारा भाग आहे. तो काढला तर उरतो तो कालवा.

काठाचे पहिले काम गाळण्याचे. शेतातून, रस्त्यावरून, वस्तीतून पावसाचे पाणी नदीकडे धावते तेव्हा त्यात माती, खते आणि घाण असते. दाट गवतात आणि लव्हाळ्यात त्याचा वेग मोडतो आणि माती तिथेच खाली बसते. विरघळलेले नायट्रेट मुळांभोवतीच्या ओल्या, हवा कमी असलेल्या मातीत शिरते. तिथले जिवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रमाण फार वाढले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

दुसरे काम सावलीचे. वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर ही काठावरची झाडे पाण्यावर झुकतात आणि उन्हाळ्यात ते तापू देत नाहीत. २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. दीड मिलिग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण आधीच घाण झालेल्या पाण्यात माशांचे जगणे-मरणे त्यावर ठरू शकते.

तिसरे काम साठवणीचे. पुरात काठाची माती पाणी पिते आणि पाऊस सरल्यावर ते हळूहळू परत सोडते. सलग काँक्रीटची भिंत ही देवाणघेवाणच तोडते.

आता काठावरच्या रहिवाशांकडे पाहू. आपल्याला ‘ढासळलेली’ वाटणारी मातीची उभी दरड खंड्याला हवी असते. तो चोचीने त्या दरडीत हातभर आडवे बीळ कोरतो आणि आतल्या टोकाला अंडी घालतो. वेडा राघूही असेच बीळ करतो, तेही बहुतेक फेब्रुवारी ते जून या काळात. म्हणजे आपले पोकलेन नेमके विणीच्या हंगामात चालते. चतुराची अळी अनेक महिने पाण्यात वाढते, मग एखाद्या काडीवरून वर चढते, कात टाकते आणि उडून जाते. काठाला काडीच नसेल तर ती चढणार कशावर? कासवांना अंडी घालायला काठाची उबदार वाळू किंवा माती लागते. सांगलीजवळ कृष्णेच्या मगरी काठाच्या मातीतच खड्डा करून अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या खड्ड्याच्या तापमानावर ठरते. या प्रत्येकाला काठाचा वेगळा कोपरा लागतो. एकसारखा उतार आणि त्यावर अंथरलेली फरशी यांतल्या कोणालाच उपयोगाची नाही.

‘पण नदीवर पक्षी तर भरपूर दिसतात,’ असे म्हणणारे भेटतात. पुण्यात मुळा-मुठेच्या उथळ, घाण पाण्यात शेकाट्यांचे थवेच्या थवे असतात. बगळे आणि घारीही असतात. पण पक्ष्यांची संख्या म्हणजे नदीची तब्येत नव्हे. सांडपाण्यावर अळ्या आणि किडे वाढतात, त्यांवर शेकाट्यांची चंगळ होते. खंड्याला मात्र मासा दिसेल इतके नितळ पाणी हवे आणि बिळासाठी दरड हवी. कोणते पक्षी वाढले आणि कोणते गेले, हे विचारल्याशिवाय नुसत्या मोजणीला अर्थ नाही.

दुसरा आक्षेप डासांचा. ‘झाडी म्हणजे डास’ हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या केशवनगर-खराडी भागात नदीवर उठलेल्या ‘डासांच्या वावटळी’ची चित्रफीत घरोघरी पोहोचली. पाण्यावर उठणारे असे थवे अनेकदा न चावणाऱ्या चिलटांचेही असतात, पण ती बाब बाजूला ठेवू. क्युलेक्स डास वाढतो तो साचलेल्या, मैलामिश्रित पाण्यात. जलपर्णी फोफावते ती त्याच मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर, आणि तिच्या आडोशाला पाणी आणखी साचते. डेंग्यूचा एडिस तर आपल्या घरातल्या पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. वाहत्या पाण्याच्या काठावर चतुर आणि मासे असतील तर ते डासांच्या अळ्या खातात. काठ तासल्याने डासांचे हे शत्रू जातात आणि डासांना पोसणारा मैला तसाच राहतो.

तिसरा आक्षेप पुराचा, आणि तो गंभीर आहे. काठावरच्या झाडोऱ्याने पाणी तुंबते, असे अभियंते म्हणतात. पुलाच्या कमानीखाली किंवा अरुंद नाल्यात हे खरे आहे. तिथला अडथळा काढलाच पाहिजे. पण जागा अरुंद झाली कशाने? आपल्या नद्यांच्या नकाशांवर दोन रेषा असतात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषांच्या आत राडारोडा टाकून जमीन उचलली जाते, मग भिंत बांधली जाते, आणि उरलेल्या चिंचोळ्या पात्राने सगळे पाणी वाहून न्यावे अशी अपेक्षा असते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. नदीची जागा लहान केली तर पाणी उंच चढते नाहीतर वेगाने पुढे जाते. दोन्हींत कोणीतरी बुडतेच.

पुण्यात सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेचे काम सुरू आहे. त्यामागे डोळ्यांपुढे अहमदाबादची साबरमती असते. तिथे शहरातले पात्र भरलेले दिसते, पण ते पाणी येते नर्मदेच्या कालव्यातून. नदीवर फिरायला जागा हवी, ही लोकांची इच्छा अगदी रास्त आहे. आज काठावर जायचे तर कचऱ्याचे ढीग, राडारोडा आणि अंधार यांतून जावे लागते. बाईमाणसाला तिथे एकटीने जाणे नको वाटते. पण फिरायला पायवाट आणि दिवा लागतो, त्यासाठी नदीला भिंत लागत नाही. वाट काठापासून थोडी मागे नेता येते आणि नदीजवळचा पट्टा झाडांना, पक्ष्यांना, पुराला सोडता येतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काठ म्हणजे जादूची कांडी नाही. तो जमिनीवरून वाहत येणारे पाणी गाळतो, पण नाल्याने थेट पात्रात सोडलेल्या मैल्यापुढे तो हतबल आहे. त्याला उपाय एकच, मैलापाणी शुद्ध करूनच सोडणे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी भीमेतून उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या येतात. नदीसाठीचा पहिला रुपया कशावर खर्चायचा, हे त्या बातम्यांतून समजायला हवे.

दुसरीही एक कबुली द्यायला हवी. काठावरची प्रत्येक हिरवी गोष्ट चांगली नसते. सुबाभळीचे रान, जलपर्णीचा थर यांना निसर्ग म्हणून कवटाळण्यात अर्थ नाही. ते काढावे, पण पोकलेनने सरसकट खरवडून नव्हे. माणसांनी, निवडून, टप्प्याटप्प्याने काढावे. त्या जागी वाळुंज लावावा. त्याची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते आणि मुळे काठ धरून ठेवतात. पाण्याच्या कडेला लव्हाळा आणि पाणकणीस येऊ द्यावे. तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचे उदाहरण केले, ते पुरात तो टिकतो हे पाहूनच.

मागण्या तीनच आहेत. फेब्रुवारी ते जून काठाच्या उभ्या दरडींना यंत्र लावू नये. जलपर्णी त्याआधी, थंडीत ती कमी असतानाच काढावी. निळ्या रेषेच्या आत नवा भराव आणि नवी भिंत नको. आणि सुशोभीकरणाचे देयक चुकते करण्याआधी त्या पट्ट्यातल्या नाल्यांचा मैला थांबला की नाही, हे लोकांपुढे मांडावे. यांत मोठा खर्च नाही, उलट बराचसा वाचेल. कंत्राट मात्र छोटे होईल, आणि आजवर काठ न वाचण्याचे ते एक कारण असावे.

आपल्या गावात नदी असेल तर येत्या रविवारी पुलावरून पात्राकडे पाहण्याऐवजी काठाकडे पाहा. मातीची दरड आहे का, तिच्यात बिळे आहेत का, पाण्यालगत गवताच्या काडीवर चतुराची रिकामी कात दिसते का? दिसली, तर नदीत अजून धुगधुगी आहे. मग त्या काठावर पोकलेन येण्याआधी नगरसेवकाला आणि महापालिकेच्या अभियंत्याला विचारा, की इथून नेमके काय काढणार आहात.