आधी बाळंतिणीचं ताट, मग बाळाची खरेदी

घरात पहिलटकरीण आहे आणि हातात पैसा बेताचा आहे, तर तो पैसा बाळाच्या सामानावर घालू नका, बाळाच्या आईवर घाला. अंगणवाडी सेविका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत घरीच शिलाई मशीन घेऊन बसते. ज्या बायांची नावं मी गरोदरपणी नोंदवली, त्यांच्याच लेकी आता माझ्याकडे झबली-टोपडी शिवायला येतात. येताना मोबाईलमध्ये खरेदीची एक यादी घेऊन येतात.

परवा अशीच एक आली. सातवा सरत आलेला, नवरा वाळूजला ठेकेदाराकडे कामाला. यादीत पाळणा, गादी-उशांचा संच, बाबागाडी, दुधाच्या बाटल्या, त्या बाटल्या वाफवायचं यंत्र, पावडर-शाम्पू-लोशनचा डबा, ओले रुमाल, डायपर. "बाई, हे सगळं लागतंच का हो? यातलं निम्मं घ्यायचं तरी बचत गटातून कर्ज उचलावं लागेल," म्हणाली. मी तिची नखं पाहिली, पांढरीफटक. रक्त किती भरलं विचारलं, तर साडेआठ. गोळ्या घेतेस का? तर मळमळतं म्हणून सोडून दिल्या. यादीतल्या एकाही वस्तूनं ते साडेआठ वाढणार नव्हतं. घरात मात्र दोन महिने चर्चा चालली होती ती पाळणा लाकडी घ्यावा की स्टीलचा, याची.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. आई अशक्त, तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती जास्त. अडीच किलोच्या आतलं लेकरू घरी आलं, की दवाखान्याच्या ज्या चकरा सुरू होतात त्यांचा हिशेब कुठल्याच यादीत नसतो.

बाळाला खरंच काय लागतं, ते शिवणारीच्या नजरेनं सांगते. झबलं पुढून उघडं हवं. महिनाभराच्या बाळाची मान धरलेली नसते, डोक्यातून कपडा घालताना आईचेही हात कापतात. बटण नको, बंद हवेत. बंद सैल करून तेच झबलं आणखी महिनाभर चालतं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे काखेत आणि मानेशी काचत नाही. मीटरभर मलमलीत तीन झबली सहज निघतात. त्याहून चांगलं म्हणजे आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं. आपल्याकडे लेकराला पहिले दिवस दुसऱ्याच्या लेकराचे जुने कपडे घालायची रीत आहे, ती फार शहाणी आहे. त्या कापडातली खळ कधीच गेलेली असते. नवं कापड आणलंच तर दोन-तीनदा धुवा, उन्हात वाळवा, मगच शिवायला द्या. एका नऊवारीत दोन डझन लंगोट होतात आणि चार दुपटीही निघतात. उरलेल्या तुकड्यांना मागून-पुढून अस्तर लावलं की गोधडी तयार. थंडीत बाळ जन्मणार असेल तर एक टोपडं, एक कुंची आणि पायमोजे, एवढं पुरे. पावडर तर मुळीच नको. ती बाळाच्या नाकातोंडात जाते.

पाळण्याबद्दल बोलायचं तर जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुना चांगला पाळणा मिळून जातो. नाहीच मिळाला तर आईच्या कुशीत टणक अंथरुणावर बाळ झोपतं. साडीची झोळी बांधायची असेल तर मोठ्या माणसाची नजर हवी. बारक्या भावंडाला झोका द्यायला बसवून निघून जाऊ नका.

लंगोटाचं मी सांगितलं खरं, पण या शहरात त्याला एक मोठी अडचण आहे, आणि जुन्या पिढीच्या सासवा ती लक्षात घेत नाहीत. लंगोट स्वस्त आहे, धुण्याचं पाणी स्वस्त नाही. जायकवाडीचा नाथसागर आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आणि आपल्या कित्येक वस्त्यांत नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. तान्हं लेकरू दिवसात दहा-बारा वेळा ओलं करतं. मग बाळंतीण धुण्यासाठी ड्रममधलं पाणी मोजून काढते, नाहीतर टँकरची वाट बघते. अशा घरातल्या सुनेनं डायपर मागितले, तर तिला आळशी म्हणू नका. ती पाण्याचा हिशेब करत असते.

पण डायपरचाही हिशेब करू या. एक साधारण दहा रुपयांना पडतो. दिवसाला दहा म्हटले तर शंभर रुपये, महिन्याला तीन हजार. पंधरा हजारांत भागवणाऱ्या घरात हा पाचवा हिस्सा झाला. मी पोरींना सांगते, रात्री एक डायपर, म्हणजे तुझी झोप मोडणार नाही, दिवसा लंगोट. आणि पाणी भरायचं, लंगोट धुवायचं काम नवऱ्याचं. ठेकेदाराकडून सुट्टी मिळत नाही हे मला ठाऊक आहे. पण कामावरून आल्यावर दोन बादल्या उचलायला सुट्टी लागत नाही.

बाटल्या आणि पावडरच्या दुधाचा डबा तर यादीतून आधी काढा. पहिल्या तासात छातीला लावायचं, पहिलं चिकट पिवळं दूध पिळून टाकायचं नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही. हे अंगणवाडीत आम्ही घसा फोडून सांगत आलो. बाळाच्या दुधाची पावडर, बाटल्या यांची जाहिरात करायला, आईला नमुने किंवा भेटी द्यायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही शहरातल्या एका खासगी दवाखान्यातून माझ्या शेजारच्या सुनेच्या हातात दुसऱ्याच दिवशी डब्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी आली. तिला दूध नव्हतं असं नाही. बाळाला छातीशी नीट कसं धरायचं, हे शेजारी बसून दाखवणारं कुणी नव्हतं. अशा वेळी अनुभवी बाईनं दोन दिवस उशाशी बसावं. तेवढ्यानं महिन्याचे हजारो रुपये वाचतात आणि लेकराची हगवणही टळते.

आता खर्च कुठे करायचा ते. बाळंतिणीच्या ताटात. जुन्या मोंढ्यातून आळीव, डिंक, खारीक, खोबरं, गूळ, मेथ्या आणा. बाजरीची भाकरी, शेपू-मेथीची भाजी, तूप, वरण, अंडी चालत असतील तर रोज एक अंडं. हे सगळं सातव्या महिन्यापासून थोडं थोडं आणून ठेवलं तर एकदम बोजा पडत नाही. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, डाळ द्यायची नाही, पहिले पाच दिवस नुसत्या पातळ भातावर ठेवायचं, हे बंद करा. आमच्या मराठवाड्यात अजून कित्येक घरांत हे चालतं. दूध पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा जास्त अन्न आणि जास्त पाणी लागतं. तिच्या नावानं येणारा अंगणवाडीचा घरपोच आहारही तिच्या तोंडी जात नाही. पाकीट फुटतं आणि घरातली चारही पोरं त्यावर बसतात. मी स्वतः दारात उभी राहून, 'हे तुझं आहे, तूच खा,' असं म्हटलेलं आहे. सासूच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पडू दे.

डोहाळजेवणाचं मला वाईट वाटतं. ओटी भरा, चार बाया बोलवा, गाणी म्हणा. गरोदर बाईचं कौतुक व्हायलाच हवं. पण हॉल, फुग्यांची कमान, फोटोवाला, झोपाळा यांवर पंधरा-वीस हजार उडतात आणि तेच घर नवव्या महिन्यात सोनोग्राफीला पैसे नाहीत म्हणून थांबतं. आत्या-मावश्यांनी बाळंतविडा आपसांत ठरवून आणावा. एकीनं तूप, एकीनं खारीक-डिंक, एकीनं सव्वा महिना भांडी घासायला बाईचा पगार. बारशाला येणारे दहा सारखेच प्लॅस्टिकचे खेळण्यांचे संच कुणाच्या कामाचे?

सगळ्यात मोठा खर्च मात्र दवाखान्याचा, आणि तो वाचवायची सोय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली आला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर झालं तरी फुकट. औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, १०२ च्या गाडीनं जाणं-येणं, हा हक्क आहे. घाटी या सरकारी दवाखान्यात माझ्या सुनेचं बाळंतपण झालं. गर्दी फार असते. जालना, बीड, परभणीहून पेशंट येतात, खाट मिळायला वेळ लागतो. पण गुंतागुंतीची केस सांभाळणारे डॉक्टर तिथे रात्रीही असतात, आणि माझ्या मुलाच्या डोक्यावर कर्ज चढलं नाही. तपासणीसाठी दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी सरकारी केंद्रांत गरोदर बायांना डॉक्टर मोफत तपासतात.

सरकारला माझं सांगणं थोडं कडक आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये देण्याचं वचन आहे. २०१७ मध्ये मातृ वंदना योजना आली ती पाच हजारांची, आणि तीही पहिल्याच खेपेला. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. मुलगा झाला तर काही नाही. आईचं रक्त मात्र दोन्ही वेळा सारखंच जातं. जननी सुरक्षा योजनेत शहरातल्या गरीब बाईला मिळणारे सहाशे रुपये २००५ मधल्या भावाचे आहेत. तमिळनाडू सरकार मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेतून पोषणाच्या सामानासह अठरा हजार देतं. महाराष्ट्र त्याहून गरीब राज्य आहे का?

आणि पैसा येतो कधी? मातृ वंदनेचे पहिले तीन हजार नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, उरलेले दोन हजार बाळाच्या पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर, म्हणजे साडेतीन महिन्यांनी. धुणीभांडी करणारी बाई तोवर कधीच कामावर गेलेली असते. कारखान्यातल्या कायम कामगार बाईला कायद्यानं २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. घरकाम करणारीला एक दिवसही नाही. विसाव्या दिवशी ओल्या अंगानं दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे. ते दोन हजार प्रसूतीच्या आठवड्यात तिच्या खात्यात पडले असते तर ती आणखी थोडे दिवस घरी राहिली असती.

राज्य सरकारनं २०१९ मध्ये पहिल्या बाळासाठी दोन हजारांपर्यंतच्या बेबी केअर किटची योजना आणली: कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, तेल, खेळणी असं सामान. कल्पना फिनलंडसारखी. तिथे १९३८ पासून गरीब आईला बाळाच्या सामानाची पेटी देऊ लागले, पुढे ती सगळ्याच आयांना मिळू लागली. पण ती पेटी हवी तर चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासून घ्यावं लागतं. पेटीपेक्षा ती अट मला मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे बाया लवकर डॉक्टरकडे आल्या. आपल्याकडेही सामान द्यायचं तर ते चौथ्या महिन्यात, तपासणीच्या टेबलावर द्यावं, आणि त्यात शाम्पूऐवजी गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या असाव्यात.

तोवर जे आहे ते तरी पदरात पाडून घ्या. बांधकामावर जाणाऱ्या घरांनी कामगार मंडळात नोंदणी केलेली असेल तर साध्या बाळंतपणाला पंधरा हजार आणि सिझरला वीस हजार मिळतात, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मुकादमाकडून आधीच मागून ठेवा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी झाली तर लेक लाडकीचे पाच हजार जन्मानंतर आहेत. जन्माची नोंद एकवीस दिवसांत फुकट होते. आणि आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, असं असेल तर ते तिसऱ्या महिन्यातच दुरुस्त करून घ्या. माझ्या हातून गेलेल्या फॉर्मांपैकी सगळ्यात जास्त फॉर्म त्याच एका कारणानं परत आले.