पदभार : दिला आणि घेतला

सुमारे वीस वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका राज्यात मी जिल्हाधिकारी होतो. गावाबाहेर लष्कराची छावणी होती. तेथील एका पलटणीचे कमांडिंग ऑफिसर बदलून जाणार होते आणि त्या दिवशी सकाळी उपस्थित राहण्याचे निमंत्रण मला आले. पुरात मदतकार्य करताना या गृहस्थांशी चांगला परिचय झाला होता, म्हणून गेलो. तासाभरात परत येऊ असे वाटले होते. दुपार झाली तरी पाय निघाला नाही.

प्रथम दोघे अधिकारी, जाणारे आणि येणारे, स्मारकापाशी गेले आणि त्यांनी पुष्पचक्र वाहिले. मग पलटणीच्या सर्वधर्म स्थळी माथा टेकवला. त्यानंतर सैनिक संमेलन झाले. जाणारे पाचेक मिनिटे बोलले, येणारे त्याहूनही कमी. सर्व जवानांच्या देखत जाणाऱ्याने आपल्या हातातील बॅटन येणाऱ्याच्या हाती दिली आणि त्याला सॅल्यूट केला. शेवटी जाणाऱ्या साहेबांना उघड्या जीपमध्ये बसवून, जीपला दोर बांधून, अधिकाऱ्यांनी आणि जवानांनी ती फाटकापर्यंत ओढत नेली. फाटकाबाहेर जीपचे इंजिन सुरू झाले. जाणाऱ्याने मागे वळून पाहिले नाही.

मी शेजारी उभ्या असलेल्या सुभेदार मेजरांना विचारले, "एवढे सगळे कशासाठी?" ते म्हणाले, "साहेब, आता कोणाचा हुकूम मानायचा हे प्रत्येक जवानाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बरे." यानंतर मी या विषयावर पुष्कळ वाचले, परंतु याहून नेमके उत्तर मला कोठे मिळाले नाही.

आपला नौदल दिन 4 डिसेंबरला असतो. 1971 मधील कराचीवरील हल्ल्याची ती आठवण. वायुदल दिन 8 ऑक्टोबरला. 1932 मधील स्थापनेची ती आठवण. सेना दिन मात्र ना विजयाचा, ना स्थापनेचा. 15 जानेवारी 1949 रोजी जनरल सर रॉय बुचर यांच्याकडून करिअप्पांनी भारतीय सेनेची सूत्रे घेतली, त्याचा तो दिवस. एका पदभाराच्या देवघेवीचा वाढदिवस आपण दरवर्षी साजरा करतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. वायुदलात हा क्षण 1954 मध्ये सुब्रतो मुखर्जींच्या वेळी आला आणि नौदलात 1958 मध्ये व्हाइस ॲडमिरल कटारींच्या वेळी. म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांत, तीन टप्प्यांत, परक्यांच्या हातातील तिन्ही दलांची सूत्रे आपल्या हाती आली, आणि तीही शिस्तीने.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना 30 एप्रिल 2022 हा दिवस विशेष आठवत असेल. त्या दिवशी जनरल मनोज नरवणे यांनी जनरल मनोज पांडे यांच्याकडे सेनेची सूत्रे दिली. एक पुण्याचे, दुसरे नागपूरचे. पांडे हे तर कोअर ऑफ इंजिनिअर्समधून सेनाप्रमुख झालेले पहिलेच अधिकारी. आम्हा परगावच्या मराठी माणसांना त्याचे अप्रूप वाटले, पण सेनेच्या लेखी तो योगायोग होता. दोन मराठी माणसे होती म्हणून रीत एका शब्दानेही बदलली नाही. ती बदलली नाही, यातच तिचे मोल आहे.

या समारंभांवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. ही सगळी इंग्रजी राजवटीची नक्कल आहे, असे पुष्कळजण म्हणतात. अधिकाऱ्याची गाडी जवानांनी ओढावी, हे दृश्य मलाही त्या दिवशी किंचित खटकले होते. सेनेने स्वतःच त्याचा विचार केला. घोड्यांच्या बग्ग्या आणि गाडी ओढण्याची ही प्रथा बंद करण्याच्या सूचना 2023 मध्ये निघाल्याचे वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षी जुलैमध्ये नौदलाने अधिकाऱ्यांनी बॅटन बाळगण्याची पद्धत थांबवली. पण त्या आदेशातील पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक आस्थापनेच्या प्रमुखाच्या कार्यालयात एक बॅटन ठेवावी आणि सूत्रे देताना ती कार्यालयातच हस्तांतरित करता येईल, असे त्यात म्हटले होते. मिरवण्याची काठी गेली, सोपवण्याची काठी राहिली. परंपरेची छाटणी कशी करावी, याचा हा उत्तम नमुना आहे.

आता आपल्या मुलकी सेवेकडे वळू.

छावणीतील त्या समारंभानंतर काही महिन्यांतच माझी बदली झाली. आदेश रात्री फॅक्सवर आला. नव्या जिल्ह्यात पोहोचलो तेव्हा आधीचे अधिकारी निघून गेले होते. त्यांनाही दुसरीकडे तातडीने रुजू व्हायचे होते. मी एकतर्फी पदभार घेतला. स्वीय सहायकाने किल्ल्यांचा जुडगा दिला, कोषागारासाठी नमुना सह्या घेतल्या आणि भिंतीवरील लाकडी फलकावर माझे नाव रंगवायला माणूस बोलावला. दहा मिनिटांत मी त्या जिल्ह्याचा जिल्हाधिकारी झालो.

सुमारे चाळीस दिवसांनी एका गावच्या बायका कचेरीत आल्या. कालव्याच्या कामासाठी त्यांची अकरा घरे आदल्या दिवशी पाडली गेली होती. त्यांच्यातील एक वृद्धा म्हणाली, "पीक हाती येईपर्यंत घराला हात लावणार नाही, असे साहेबांनी सर्वांसमोर सांगितले होते." मी नस्ती मागवली. तिच्यात अशी नोंद कोठेही नव्हती. नोटिसांवर सही माझी होती. समोर आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात मी ती केली होती. रात्री माझ्या पूर्वाधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "हो, मी शब्द दिला होता. लिहायचे राहून गेले. वेळ कोठे होता?"

त्यांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. कारण त्या वेळी मला आठवले की आधीचा जिल्हा सोडताना मीदेखील माझ्यामागून येणाऱ्यासाठी एक ओळ लिहून ठेवलेली नव्हती. मी कोणाकोणाला काय शब्द दिले होते, ते माझ्याबरोबरच गाडीत बसून निघून आले होते.

शासन अखंड असते असे आपण म्हणतो. लोकांच्या दृष्टीने शब्द शासनाने दिलेला असतो, तो देणारा अधिकारी बदलला तरी. पण शासनाची स्मृती जर अधिकाऱ्याच्या डोक्यात राहत असेल, तर दर बदलीला शासनाला विस्मरण होते आणि त्याची किंमत ज्यांच्यापाशी कागद नाही ते मोजतात.

बदल्यांची वारंवारता कमी व्हावी म्हणून प्रयत्न झाले. महाराष्ट्राने 2005 मध्ये बदल्यांचा कायदा करून सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर 31 ऑक्टोबर 2013 रोजी किमान कार्यकाळ आणि नागरी सेवा मंडळे यांविषयी निर्देश दिले. 2014 मध्ये भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्ग नियमांत किमान दोन वर्षांची तरतूद आली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु ही चर्चा अधिकारी किती काळ राहावा याची आहे. तो कसा जावा, याचा विचार त्यात नाही.

माझे म्हणणे एवढेच की आपल्याला बँड नको, जीपही नको. तीन साध्या गोष्टी पुरेत. एक, जाणारा आणि येणारा किमान दोन दिवस एकत्र असावेत. एकतर्फी पदभार हा अपवाद ठरावा आणि त्याचे कारण लिहिले जावे. दोन, जाणाऱ्याने चार पानांचे टिपण द्यावे आणि त्यात लोकांना दिलेली तोंडी आश्वासने सर्वांत आधी लिहावीत. तीन, पदभाराची देवघेव कार्यालयातील शिपायापासून सर्वांसमोर व्हावी आणि तेथे ते टिपण वरिष्ठांच्या साक्षीने हाती दिले जावे. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, एका परिपत्रकाचे काम आहे.

बदलीचा आदेश उद्याच रुजू व्हा म्हणतो तेव्हा दोन दिवस कोठून आणायचे, असे माझे सहकारी विचारतात. सीमेवरच्या पलटणीला जे दिवस सापडतात, ते सचिवालयांना सापडू नयेत, हे मला पटत नाही.

त्या अकरा घरांना पुढे पर्यायी जागा मिळाली. पीक मात्र त्या वर्षी त्यांच्या हाती आले नाही. त्यानंतर मी प्रत्येक जागा सोडताना टिपण लिहीत आलो. त्याच्या पहिल्या ओळीत मी नेहमी एकच वाक्य घालतो : पुढील शब्द मी दिले आहेत, ते आता आपले आहेत.