संगणक आमचा, हुकूम कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठराविक प्रोसेसर अनिवार्य असल्याने अमेरिकेतील आमच्या घरांतले कित्येक धडधाकट संगणक एका फर्मानासरशी 'जुने' ठरले. वर्षभराच्या मुदतवाढीसाठी ३० डॉलर्स भरण्याचाही एक पर्याय ठेवण्यात आला. ज्या यंत्राचे पूर्ण मोल आम्ही मोजले, त्याचे आयुष्य इतरांनी का ठरवावे?

या प्रश्नाचे उत्तर याच देशात आकारास येऊ लागले. १९८३ साली एमआयटीतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. तो वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार आज सर्वांना आहे.

'हे इंजिनिअरांचे काम' असे म्हणणाऱ्या बंधु-भगिनींना आमचा सवाल आहे: एकदा तरी पाहिले काय? लिनक्स मिंट ही प्रणाली यूएसबी ड्राइव्हवरून, मूळ प्रणाली न पुसता, चालवून पाहता येते. फायरफॉक्स व लिब्रेऑफिस विनामूल्य मिळतात. देवनागरी कळफलकही आहे. काही सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. म्हणून आधी खात्री करावी, छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र उतरवून घ्यावीत, मगच कायमचा बदल करावा.

आमची मुले यंत्राची केवळ गिऱ्हाइके राहावीत काय? जुना संगणक कचऱ्यात टाकण्यापूर्वी तो त्यांच्या हाती द्या!