मरणाच्या हक्काआधी

असाध्य व्याधीने ग्रासलेल्या समंजस बालकालाही, वयाची अट न घालता, दयामरण मागण्याची मुभा बेल्जियमने 2014 साली दिली. तोच कायदा आपल्याकडे व्हावा, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे प्रत्येक रुग्णाला वेदनाशामक शुश्रूषेचा हक्क 2002 सालीच कायद्याने मिळाला होता.

निरर्थक उपचार थांबवण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात 2011 साली व पुढे 2018 साली मान्यता दिली. त्यास आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो प्राण घेणाऱ्या सुईचा. मालवणच्या रापणकराच्या मुलाला कर्करोग झाला, तर त्याला बहुधा बांबोळी किंवा परळ गाठावे लागते. मजुरी बुडालेली, दागिने गहाण पडलेले. अशा वेळी बाप 'आता सोडवा त्याला' म्हणाला, तर ती संमती त्याची की त्याच्या दारिद्र्याची?

मॉर्फिन महाग औषध नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचाने ते रुग्णांना दुर्मीळ झाले. 2014 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. ते औषध आणि ते देणारी परिचारिका तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत आणणे, ही कार्यकर्त्यांची पहिली मागणी असली पाहिजे. दयामरणाची चर्चा त्यानंतर करू.